हँडबिल, नांगर आणि स्टार्टरची पेटी

मराठीच्या प्राध्यापकाकडे गावातली मंडळी तीन कामांसाठी येतात. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यायला, निवृत्त होणाऱ्या माणसाचे मानपत्र लिहून घ्यायला आणि वर्तमानपत्रात द्यायच्या श्रद्धांजलीचा मजकूर बेतून घ्यायला. यात चौथ्या कामाची भर पडली ती काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी दारात उभा राहिला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षालाच मराठीला रामराम ठोकून तो आय. टी. आय.ला गेला होता, आणि त्याचे भले झाले असे मी मनातल्या मनात मानत होतो. अंकुशनगरला त्याने विहिरीवरच्या मोटारी भरून देण्याचे दुकान टाकले होते. मोटार भरणे म्हणजे जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी गुंडाळणे. दुकानाच्या पाटीवर त्याला 'रिवायंडिंग' म्हणतात.

"सर, एक हँडबिल लिहून द्या. असं लिहा, की वाचणारानं मोटार काढूनच आणली पाहिजे."

दुकानासाठी त्याने आईच्या बचत गटातून कर्ज उचलले होते आणि बायकोचे गंठण गहाण टाकले होते. दुकान उघडून पाच महिने झाले होते आणि गिऱ्हाईक म्हणाल तर नात्यातले. वडील रोज सांगत, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते. म्हणून बोलायला तो माझ्याकडे आला होता.

अंकुशनगर ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्याभोवती ही वसाहत वाढली आणि कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांचे नाव तिला मिळाले. जायकवाडीचा डावा कालवा या भागातून जातो, शिवारात ऊस आहे. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रांग लागते, हवेत मळीचा वास भरतो आणि चहाच्या टपरीपासून कापडदुकानापर्यंत सगळ्यांचे दिवस पालटतात. हंगाम संपला की तीच दुकाने तोंडावर हात ठेवून बसतात. अशा ठिकाणी जाहिरातीवर किती खर्च करायचा, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या पेढीला पडतो तसा पडत नाही. इथे तो दोन वेळच्या भाकरीशी बांधलेला असतो.

मी हँडबिल लिहिले. आता ते आठवले की कानांच्या पाळ्या गरम होतात. सुरुवात 'कृषिवल बंधूंनो!' अशी होती. पुढे जलसिंचन, बळीराजा, विश्वासार्हता आणि विनम्र सेवा असे सारे शब्द ओळीने बसले होते. मोटार हा शब्द सातव्या ओळीत आला होता. दोन हजार प्रती छापल्या. पेपर टाकणाऱ्या पोराला चार पैसे देऊन त्या वर्तमानपत्रांत घालून घरोघर पाठवल्या. त्या हँडबिलामुळे दुकानात दोन माणसे आली. एक मोबाइलचे चार्जर दुरुस्त होईल का हे विचारायला आणि दुसरे आमच्याच महाविद्यालयातून निवृत्त झालेले सहकारी, 'विनम्र'च्या छपाईतली चूक दाखवायला. आठवड्याने बसथांब्याजवळच्या गाड्यावर मी भजी घेतली, तर माझे गद्य तेल पिऊन पारदर्शक झालेले मला पाहायला मिळाले.

त्यापूर्वी त्याने फ्लेक्सही लावून पाहिला होता. कारखान्याच्या रस्त्यावर, चांगला दहा फुटी. त्यात त्याचा गॉगल घातलेला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून चौदा मित्रांचे चेहरे, वर दोन नेते आणि एका कोपऱ्यात दुकानाचे नाव. मोटारीचे चित्र कुठेच नव्हते. अशा फ्लेक्सने काय होते? चौदा मित्र तेवढे खूश होतात. पहिल्या वादळात तो फाटला आणि एका शेतकऱ्याने कडब्याच्या गंजीवर पांघरला. फ्लेक्सचा एवढा सदुपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

पैसे त्याचे गेले होते, पण शब्द माझे होते. मला चैन पडेना. त्या दिवसांत वर्गात मराठी नियतकालिकांचा इतिहास चालू होता. 'किर्लोस्कर' मासिकाचा तास घेताना मी दरवर्षी सांगतो तेच सांगत होतो, आणि सांगता सांगता थांबलो. ज्याला आम्ही वाङ्मयाचा इतिहास म्हणून शिकवतो, ती मुळात एका नांगराची जाहिरात होती.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधले शिक्षक. बेळगावात त्यांनी आणि त्यांच्या भावाने सायकलींचे दुकान चालवले. त्या पेढीचे साल 1888 धरले जाते. लोकांना सायकल माहीत नव्हती, म्हणून लक्ष्मणराव ती चालवायलाही शिकवीत. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. तो नांगर कोणी घेईना. लोखंड जमिनीत गेले की जमिनीला विष चढते आणि ती नासते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. 1910 साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण कारखाना उभारला म्हणून समजूत मोडत नाही.

इथे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव पुढे येतात. चित्रकलेचा नाद असलेला हा माणूस. 1920 साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना व्हावी आणि कारखाना व ती यांच्यात संबंध राहावा, एवढ्यासाठी काढलेले चोपडे. नुसत्या नांगराच्या स्तुतीने भरले असते तर दुसऱ्या अंकाला त्याच्या पुड्या झाल्या असत्या, माझ्या हँडबिलासारख्या. पण शंकररावांनी त्यात वाचणाऱ्याच्या उपयोगाचे घातले. उद्योग, व्यवहार, घर, सामाजिक प्रश्न, कथा. बघता बघता लोक ते नांगर घ्यायचा नसतानाही वाचू लागले. पुढे नावातले 'खबर' गळाले आणि 'किर्लोस्कर' राहिले. 1930 साली 'स्त्री' निघाले, 1934 साली 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ज्या मासिकाने महाराष्ट्राच्या घराघरांत नेले ते हेच. नांगराने मासिक जन्माला घातले आणि मासिकाने नांगराचे आडनाव माजघरात नेऊन ठेवले.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळक्यांचे. त्यांच्याइतका खिसा रिकामा करून जाहिरात करायला बसलेला माणूस विरळा. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि चालला. पण तोच पट सुरतेला नेला तेव्हा पहिल्या खेळाला गल्ल्यात तीन रुपये जमले, अशी हकिगत सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक बघणारे लोक तीन आणे देऊन दीड तासाचे चित्र कशाला बघतील, अशी थिएटरवाल्याची तक्रार. फाळक्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सगळे मिळून फक्त तीन आणे! गर्दी लोटली. लोकांना लांबी हवी होती ना, मग घ्या मैल.

मी मराठीचा माणूस. पण हा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले की साडेतीन हजार फुटांच्या थोडे वर जाते. मैल म्हणजे 5,280 फूट. तेव्हा फोटोंचा आकडा चित्रपटाच्या लांबीशी जुळतो, पण दोन मैल म्हणजे दादासाहेबांच्या हौसेचे मैल होत. पाऊण मैलही धड भरत नाही. सुरतेत कोणी गज घेऊन मोजायला बसले नाही. फाळके खेळ करून पुढच्या गावी जाणार होते, त्यांना ते पचले. अंकुशनगरच्या दुकानदाराला दोन मैल पचत नाहीत. त्याच्याकडे पहिल्याच आठवड्यात टेप घेऊन माणसे येतात.

रविवारी मी विद्यार्थ्याच्या दुकानात जाऊन बसलो. बाकड्यावर उघडलेल्या दोन मोटारींपैकी एकीवर किर्लोस्करांचेच नाव होते. ते मी त्याला दाखवले आणि नांगराची कथा सांगितली. तो म्हणाला, "सर, त्यांच्याकडे मासिक काढायला पैसे होते. मी काय काढू?"

मग आम्ही रस्त्यावर नजर टाकली. जरा बघायला शिकले की फुकटची जाहिरात चहूकडे चाललेली दिसते. समोर बसची वाट पाहत एक आजी उभी होती. तिच्या हातात जालन्याच्या एका कापडदुकानाची पिशवी होती. लाल अक्षरे धुऊन धुऊन गुलाबी झालेली. लग्नाचा बस्ता बांधला तेव्हा दुकानदाराने दिली असेल. त्या पिशवीने किती एस. टी. प्रवास केला असेल, किती बाजार पाहिले असतील! तीत पोथी गेली असेल, सुनेच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू गेले असतील. फ्लेक्सचे आयुष्य एका वादळाचे आणि पिशवीचे एका पिढीचे. कारण काय? पिशवी कामाची आहे. तिच्यावरचे नाव कोणी वाचावे म्हणून ती कोणी घेत नाही.

पलीकडे एका पंक्चरवाल्याने ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या पाठीमागे लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवून दिल्या होत्या आणि पट्टीखाली आपला मोबाइल नंबर. रात्री न दिसणाऱ्या ट्रॉलीवर मागून वाहने आदळतात, हे या रस्त्यावर कोणाला सांगावे लागत नाही. त्याची जाहिरात माणसे वाचवीत फिरते आणि टायर बसला की ड्रायव्हर उतरून मागे जाऊन नंबर वाचतो. आमच्या जालन्याला तर ही विद्या अनोळखी नाही. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली 'महिको' काढल्यापासून जालना हे बियाण्यांचे गाव झाले, आणि बियाणेवाल्यांनी जाहिरातीला भिंत कधी पुरेशी मानली नाही. रस्त्याकडेच्या शेतात हिरव्यागार पिकापुढे लहानशी पाटी रोवलेली तुम्ही पाहिली असेल: वाणाचे नाव, बस्स. जाणारा येणारा शेतकरी पाटी वाचत नाही, आधी कणीस बघतो. मग नाव वाचतो. शेतच जाहिरात करते आणि बोंडे लागली नाहीत तर शेतच ती मागे घेते.

भिंतीवर रंगवणे स्वस्त खरे, पण मालकाला विचारल्याशिवाय रंगवले तर 1995चा मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा आहे. गूगलच्या नकाशावर दुकान फुकट नोंदवता येते, ते त्याने त्याच दिवशी माझ्यासमोर केले. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर तो रोज जळालेल्या मोटारीचा फोटो टाकी, तो पाहणारे पुन्हा ते चौदा मित्रच.

मी विचारले, "मोटार जळते तेव्हा शेतकरी कुठे असतो?"

"पेटीपाशी. स्टार्टरच्या पेटीपाशी. खाटखूट करत."

"आणि तुझे नाव कुठे असते?"

तो काही बोलला नाही. नाव भज्याच्या कागदावर होते आणि कडब्यावर होते.

पेटीच्या झाकणाला आतून चिकटेल असा एक लहान कागद करायचे ठरले. मजकूर पुन्हा मीच लिहायला घेतला, पण या वेळी त्याने सांगितले आणि मी लिहून घेतले. मोटारी का जळतात ते मला प्रथमच कळले. तीन फेजांपैकी एक गेली तरी मोटार चालायला बघते आणि जळते. व्होल्टेज फार उतरले की मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. रात्रपाळीची वीज असली की शेतकरी अंथरुणातून उठायला नको म्हणून ऑटो स्विच बसवतो. वीज आली की गावातल्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरच बसतो. महावितरण सांगते, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, ऐकतो कोण? यातून पाच ओळी निघाल्या:

'बटण दाबण्याआधी तीन दिवे पाहा. एक जरी विझला असेल तर दाबू नका. काटा 350च्या खाली असेल तर थांबा. मोटार नुसती गुरगुरली तर लगेच बंद करा. ऑटो स्विचपेक्षा कपॅसिटर बरा.' खाली दुकानाचे नाव आणि नंबर. कृषिवल नाही, विनम्र नाही.

कागद हातात घेऊन तो बराच वेळ बसला. मग म्हणाला, "सर, राग मानू नका. मोटार जळू नये कशी हे मीच सांगत सुटलो तर मी खाऊ काय? डॉक्टर कधी सांगतो का, आजारी पडू नका म्हणून?"

हा प्रश्न मला वाटला तेवढा सोपा नव्हता, आणि माझ्या पगाराला त्याची झळ लागत नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो. घरी त्याच्या बायकोने काय ते ठरवले. ती म्हणाली म्हणे, की आता तरी कुठे कोणाची जळालेली मोटार आपल्याकडे येते? पाचशे कागद छापले. हँडबिलांना लागले त्याहून कमी पैशांत.

खरा खर्च पायांचा होता. पेटीच्या आत कागद पेपरवाला पोरगा चिकटवीत नाही. दुकान बंद करून रोज संध्याकाळी तो मोटारसायकलवर निघे, आज या वस्तीवर, उद्या कालव्यापलीकडे. "काका, पेटी उघडतो जरा," म्हणून उघडायची, कागद लावायचा आणि हातासरशी ढिले झालेले स्क्रू आवळून द्यायचे. पेटीत पाली असत, एकदा साप निघाला. स्क्रू आवळण्याचे पैसे तो घेत नसे. पहिल्या महिन्यात काहीच घडले नाही. माघात उसाला पाणी सुरू झाले आणि फोन येऊ लागले. गंमत अशी, की पुष्कळ फोन जळालेल्या मोटारीचे नव्हतेच. "एक दिवा लागत नाही, दाबू का?" असे विचारणारे होते. दाबू नका, म्हणून तो सांगे. हीच माणसे पुढे मोटार घेऊन आली. कारण मोटारी, कितीही दिवे पाहिले तरी, शेवटी जळतातच.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र प्रसंग आला. एका शेतकऱ्याची मोटार त्याने भरून दिली आणि ती आठव्या दिवशी पुन्हा जळाली. ऊस उभा, ऊन डोक्यावर. शेतकऱ्याच्या मुलाने काळ्या पडलेल्या तारांचा फोटो काढला; नेमका असा, की बाजूला पेटीच्या झाकणावरचा आमचा कागदही दिसावा; आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली एवढेच लिहिले: 'काटा बरोबर होता.' दहा फुटी फ्लेक्सने पाच महिन्यांत जे केले नाही ते त्या फोटोने एका दुपारी केले. सगळ्या शिवाराला दुकानाचे नाव पाठ झाले.

तो धावत माझ्याकडे आला. खुलासा लिहून द्या म्हणाला. मी लिहिला. 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव' अशी त्याची सुरुवात होती. सवय जात नाही. त्याने तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि माझ्यासमोरच मोबाइलवर स्वतःचे लिहिले: 'घाई होती म्हणून वार्निश वाळायच्या आधी मोटार दिली. चूक माझी आहे. आज माझी मोटार त्यांच्या विहिरीवर लावतो, त्यांची पुन्हा भरून देतो, पैसे घेणार नाही.' 'वार्निश'ची वेलांटी चुकली होती. मी तोंड उघडले, तोवर त्याने पाठवूनही टाकले होते.

त्या रात्री त्याची सुटी मोटार त्या विहिरीत उतरली. तारेचा, वार्निशाचा आणि दोन दिवसांच्या मजुरीचा भुर्दंड त्याला बसला. गंठण सोडवायचे आणखी चार महिने लांबले, हे मला त्याच्या वडिलांकडून कळले. ग्रुपवर कोणी वाहवा केली नाही. गावात तशी पद्धत नाही. ज्या मुलाने फोटो टाकला होता त्याने नंतर कधी तरी त्याच ग्रुपवर दुसऱ्या कोणाला मोटारीबद्दल विचारल्यावर फक्त नंबर लिहिला, नाव नाही, शिफारस नाही.

आता दुकानात एक पोरगा हाताखाली आहे. वार्निश लावलेल्या मोटारी वाळेपर्यंत ठेवायला त्याने वेगळी फळी केली आहे आणि फळीवर खडूने तारीख घालतो. गिऱ्हाईक कितीही तातडीचे असले तरी तारखेआधी मोटार खाली येत नाही. गंठण घरी आले आहे. दिवाळीला तो फराळाचा डबा घेऊन येतो आणि आमच्या इमारतीच्या पाण्याच्या मोटारीची पेटी न सांगता उघडून बघतो.

या वर्षी नव्या कागदांचा मजकूर त्याने स्वतःच लिहून आणला होता. सहावी ओळ नवी होती: 'भरलेली मोटार तीन दिवसांआधी मागू नका.' मी सगळा वाचला, 'वार्निश'ची वेलांटी एवढी नीट केली आणि परत दिला. छापून आल्यावर पाहतो, तर वेलांटी पुन्हा होती तशीच. छापखान्यातल्या माणसाने म्हणे सांगितले, की गावात सगळे असेच लिहितात.